मधली पंधरा मिनिटे

१४ जून १९९९, सोमवार

आजपासून पुन्हा कामावर. सत्तावीस वर्षे कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजता आत आले आणि किती वाजता बाहेर गेले, याखेरीज दुसरे काही पाहिले नाही. फेब्रुवारीत स्वेच्छानिवृत्ती झाली. इच्छा कोणाची, हे अर्जात विचारलेले नव्हते. शेवटचे वर्षभर आठवड्यातून तीनच दिवस बोलावत होते, तो अपमान इथे पुन्हा लिहीत नाही.

शौनक हा माझ्या दिवंगत मित्राचा मुलगा. वय एकोणतीस, बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांत त्याची कंपनी. मार्केट यार्डातल्या अडत्यांना संगणकाचा प्रोग्राम विकतात. शेतकऱ्याचा माल आला की वजन, भाव आणि शेतकऱ्याच्या हातात द्यायची हिशेबाची पट्टी, सगळे त्यात. अडते प्रोग्राम घेतात आणि मग सकाळपासून फोन करत बसतात. छापत नाही, दिसत नाही, काल होते ते आज कुठे गेले. या फोनला माणसे नेमायची आहेत. शौनक म्हणाला, "काका, माणसं सांभाळणं मला जमत नाही. ते तुम्ही बघा."

मला मानधन मिळणार. श्यामला म्हणाली, "म्हणजे पुन्हा अर्धवेळच की." मी म्हटले, अर्धवेळ नव्हे, मानद. सकाळी सात ते दुपारी सव्वातीन तिथे असणार, त्यात अर्धे काय आहे? तिने उत्तर दिले नाही. बँकेत अजून सहा वर्षे नोकरी असलेल्या बायकोला उत्तरे द्यावी लागत नाहीत.

२१ जून, सोमवार

शौनकला एक पूर्णवेळ माणूस ठेवायचा होता. मी म्हटले, त्यापेक्षा दोन अर्धी ठेव. पूर्ण माणसाला आपण कायम झालो हे कळले की तो सुस्तावतो. अर्ध्याला पूर्ण होण्याची आशा दाखवली की तो दिवसभर राबतो. आणि दोन अर्धी एकाच खुर्चीकडे बघत असली तर मालकाला बघावेच लागत नाही. शौनक हसला, पण त्याने ते लिहून घेतले.

"दिवाळीला दोघींतली एक कायम, असं सांगू या," मी म्हटले.

"करायची का खरंच?"

"ते दिवाळीला बघू."

सकाळी सात ते अकरा प्रियदर्शनी. बावीस वर्षांची, यवतमाळकडची, सदाशिव पेठेत कॉट भाड्याने घेऊन राहते आणि संध्याकाळी संगणकाचा कोर्स करते. हुशार आहे. "करून राहिली, बोलून राहिली" असे बोलते, ते सुधारावे लागेल. दुपारची राधाबाई. वय चौतीस, मॅट्रिक, वडील भीमराव मार्केट यार्डात हमाल होते. सगळे अडते तिला आवाजावरून ओळखू येतात. मी विचारले, फोनवर नीट बोलता येईल का? म्हणाली, "अडत्यांशी बोलायला काय लागतंय साहेब, ते माझ्या लहानपणापासून माझ्यावर वरडत्यात."

राधाबाईची वेळ सव्वाअकरा ते सव्वातीन. मधली पंधरा मिनिटे ही माझी युक्ती. कारखान्यात एक पाळी सुटताना दुसरी आत यायची आणि फाटकापाशी दोन्ही पाळ्या बोलत उभ्या राहायच्या. सगळी भांडणे आणि सगळे मोर्चे त्या बोलण्यातून निघाले. इथे एक गेल्याशिवाय दुसरी येणार नाही. जे काही सांगायचे ते वहीत लिहायचे. तोंडी निरोप कोणीही द्यायचा नाही, मालकानेसुद्धा. त्या पंधरा मिनिटांत मी फोन उचलून बाजूला ठेवतो, चहा घेतो आणि वही वाचतो. शेवटी निघतानाही एकदा चाळतो.

६ जुलै, मंगळवार

चांगले चालले आहे. प्रियदर्शनीला म्हटले, दुपारच्या बाई तुमच्यापेक्षा झटपट आहेत. राधाबाईला म्हटले, सकाळच्या मुलीबद्दल तक्रार म्हणून येत नाही. दोन्ही वेळा चेहरे पाहण्यासारखे झाले. आता मुलगी पावणेसातलाच दारात उभी असते. राधाबाईची सही मी मस्टरवर सव्वातीनला घेतो आणि मग तिला शिकायला बसवतो. चार-साडेचारपर्यंत शिकते. शिकता शिकता फोनही घेते.

वहीत एकेक ओळ असते. "गाळा ४०, प्रिंटर बंद, उद्या माणूस पाठवणे." असेच हवे.

२० जुलै, मंगळवार

वहीत ओळी वाढू लागल्या आहेत. राधाबाईने लिहिले, "कांदा-बटाट्याचे सर्जेराव ओरडतात ते रागाने नाही, त्यांना कमी ऐकू येतं. तू पण ओरड, घाबरू नको." खाली मुलीने लिहिले, "ओरडली. ते हसले. थँक्यू ताई." मग संगणकाच्या पडद्यावर येणारी इंग्रजी वाक्ये देवनागरीत आणि समोर त्यांचा मराठी अर्थ, अशी दोन पाने तिने राधाबाईसाठी लिहिली आहेत. इथपर्यंत मी चालू दिले, कामाचे होते.

पण आज मुलीने लिहिले की मेसच्या भाजीत पाणीच असते. ही कचेरीची वही आहे. मी ते पान काढून टाकले. शिवलेल्या वहीचे नुसते एक पान फाडले तर कड राहते. पलीकडचे जोडपानही अलगद ओढून काढले की कोणाला काही कळत नाही.

२३ जुलै, शुक्रवार

मेसच्या भाजीचे मुलीने त्याआधीही एकदा लिहिले असावे आणि राधाबाईने ते वाचले असावे. काल राधाबाई गेल्यावर खणात एक लहान डबी निघाली, वर चिठ्ठी: "पोरीसाठी." शेंगदाण्याची चटणी. कार्यालयात देवघेव सुरू झाली की संपत नाही. डबी मी घेतली. रात्री पोळीबरोबर खाल्ली. लसूण जरा जास्त, पण श्यामलाने इतकी चांगली चटणी कधी केली नाही. डबी धुऊन आज सव्वाअकराच्या आत पुन्हा खणात ठेवली.

राधाबाईने ती रिकामी डबी पाहिली, वही उघडून पाहिली, मागची दोन पाने चाळली. मग फोन घेऊ लागली. मला उगाच वाईट वाटले. पण शिस्तीला चव नसते.

२ ऑगस्ट, सोमवार

सव्वातीननंतर राधाबाई माझ्या टेबलापाशी आली. बसा म्हटले तरी बसली नाही. नवरा हडपसरला असतो. तिला सोडूनच दिले होते, पण मार्चमध्ये येऊन सहा वर्षांच्या मुलीला, सोनूला, घेऊन गेला. कोर्टात दावा चालू आहे, वीस सप्टेंबरची तारीख.

"वकील म्हनतात, कायम नोकरीचा कागद आना. नवऱ्याचा वकील म्हनतोय, हिचं पोट हिला भरंना, पोरगी काय सांभाळनार. कागद असला तर पोरगी मिळती, असं म्हनलेत."

"दिवाळीला ठरायचं आहे ते."

"माहीत हाय साहेब. तारीख आधी हाय म्हनून इचारलं."

"तुमचं काम बघून ठरवू."

मी देतो असे म्हटले नाही आणि नाही असेही म्हटले नाही. माणसाकडून काम घ्यायला ही मधली जागा सर्वांत चांगली, हे सत्तावीस वर्षांत शिकलो. ती पाच वाजेपर्यंत थांबली. जाताना खुर्च्या पुसून गेली, ते काम तिचे नाही.

१९ ऑगस्ट, गुरुवार

परवा मुलीने खणात रंगपेटी ठेवली होती. "सोनूसाठी." म्हणजे राधाबाईने वहीत सोनूचे लिहिले आणि ते माझ्या नजरेतून सुटले. रंगपेटी माझ्या कपाटात ठेवली. देऊ कधीतरी योग्य वेळी.

आज मुलीने वहीत विचारले, "ताई, मुलीला आवडली का?" ते पान काढले. राधाबाईच्या बाजूनेही आता एकच ओळ असते. गाळा अमुक, काम तमुक, सही. दोघींत छान गारवा आला आहे. शौनकला मी म्हटले, बघ, दोघी कशा मान खाली घालून काम करतात. तो म्हणाला, "काका, तुम्ही ग्रेट आहात." खूप दिवसांनी कोणीतरी असे म्हटले. घरी सांगितले. श्यामला म्हणाली, "त्या दोघी बोलत नाहीत याचा तुम्हाला आनंद झालाय?" तिला व्यवस्थापनातले काही कळत नाही.

६ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारी दाढ काढायला गेलो होतो. एकच दिवस नव्हतो. आज वही पाहिली तर शुक्रवारचे राधाबाईचे लिखाण: "चटणी तिखट झाली होती का? काही बोलली नाहीस म्हणून पुन्हा आणली नाही." मुलीने आज सकाळी ते वाचले असणारच. माझ्याकडे दोनदा बघत होती.

८ सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस संतापात गेला. सविस्तर लिहितो.

सकाळी सातला प्रोग्राम लिहिणारा तेजस धावत आला. "काका, नऊ नऊ नव्याण्णवचा घोळ सापडलाय," वगैरे सांगू लागला. मी म्हटले, संगणकाचे मला सांगू नका, जे असेल ते त्यांना सांगा आणि त्या वहीत लिहितील. तेजस मुलीशी दहा मिनिटे बोलला आणि आठच्या गाडीने लासलगावला गेला. मुलगी त्यानंतर अकरापर्यंत भराभर फोन करत होती. मग लिहीत बसली. अकरा वाजून दोन मिनिटांनी मी घड्याळाकडे बघितले, तेव्हा उठली.

चहा मागवून वही उघडली. हे असे होते:

"राधाताई, आपण तीन महिने एकाच खुर्चीवर बसून राहिलो, पण एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. मला चटणी मिळालीच नाही. मिळाली असती तर मी लिहिलं नसतं का? तुम्हाला रंगपेटी मिळाली का? मला वाटतं आपली पानं आणि वस्तू मधेच कुठं तरी जातात. काका वाचतात ते मला माहीत आहे, वाचू द्या. आज सव्वाअकराला मी जिन्यात थांबते. निळा ड्रेस आहे. पान उलटा."

वाचू द्या! मी गॅलरीतून पाहिले. खरोखरच पहिल्या मजल्याच्या वळणावर निळा ड्रेस उभा होता. मी खाली गेलो. हातात पाकीट दिले आणि म्हटले, हे आत्ताच्या आत्ता सर्जेरावांच्या गाळ्यावर पोचवा, निकडीचे आहे. ती एकदा वर आणि एकदा खाली बघत उभी राहिली, मग गेली. पाकिटात कोरी फ्लॉपी होती.

वर येऊन जोडपानासकट ते पान काढले, घडी करून खिशात टाकले. उलटून काय बघायचे, मागेही माझ्याच चहाड्या असणार. सव्वाअकराला राधाबाई आली. नेहमीप्रमाणे वही उघडली, कोरी दिसली, मिटली.

९ सप्टेंबर, गुरुवार

मुलगी कोर्सच्या परीक्षेसाठी आज रजेवर. दुपारी दोननंतर फोन थांबेनात. राधाबाई एकटी, आणि प्रत्येक अडत्या तेच ओरडत होता. आजच्या दिवसाचा व्यवहार बंद केला की संगणकातून आजच्या सगळ्या नोंदी नाहीशा. कोणाच्या गाळ्यावर साठ शेतकरी पट्टीची वाट बघत उभे, कोणाच्या गाळ्यावर शंभर. कोणाचा कांदा किती भरला ते कोणालाच सांगता येईना. चार वाजता सर्जेराव आणि आणखी दहा-बाराजण जिना चढून आले. एकाने शौनकची कॉलर धरली. राधाबाई मधे गेली आणि त्यांच्याच भाषेत त्यांच्यावर ओरडली, तेव्हा कॉलर सुटली. शौनक पांढरा पडला होता.

घरी आलो तर श्यामलाने टेबलावर एक कागद पसरून ठेवला होता, चारी कोपऱ्यांना वाट्या ठेवून.

"धुवायला टाकण्याआधी खिसे बघत चला," ती म्हणाली.

मागची बाजू वर होती. "अतिशय महत्त्वाचं. जुन्या प्रोग्रामात 'तारीख नाही' म्हणून ९-९-९९ टाकलेलं आहे. उद्या जे नोंद करतील त्यांच्या नोंदी दिवस बंद करताना पुसल्या जातील. नवी फ्लॉपी येईपर्यंत हातानं लिहायला सांगायचं. माझे अर्ध्यांना फोन झाले. हे एकतीस गाळे उरले. ताई, तीनच्या आत यांना नक्की करा." खाली एकतीस नंबर, सुवाच्य.

"या एकतीस जणांना फोन झाले का हो?" श्यामलाने विचारले.

मी म्हटले, हा कचेरीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "हं." मी कागद गॅसवर धरला. ती बघत होती.

१० सप्टेंबर, शुक्रवार

काल रात्रभर ठरवले होते की सांगून टाकायचे. चूक मान्य करण्यात कमीपणा नाही, असे मी कामगारांना नेहमी सांगत आलो. सकाळी बसमध्ये वाक्येही जुळवली. मग शौनक आला. त्याने प्रियदर्शनीला आणि मला समोर बसवले. मुलगी रडत म्हणाली, "मी लिहिलं होतं, सर. पूर्ण पान लिहिलं होतं. काका वाचतात रोज, त्यांना विचारा."

शौनकने माझ्याकडे पाहिले. तो माझ्याकडे असा पूर्वी कधी बघत नसे. आठवड्यातून तीन दिवस बोलावणाऱ्या साहेबांचे डोळे असे होते.

मी म्हटले, "लिहिलं होतं. मी सव्वाअकराला वाचलं. त्यानंतर पान वहीत नाही."

बस्स, एवढेच. राधाबाईचे नाव मी घेतलेच नाही. शौनकनेच घेतले. "म्हणजे त्या बाईंनी फोन केले नाहीत आणि पानच फाडलं?" मुलीचे रडे थांबले. म्हणाली, "म्हणून त्यांनी वहीत काहीच उत्तर दिलं नाही." तिचे तिनेच जुळवून घेतले, मला काही करावे लागले नाही.

शौनक स्वतः राधाबाईशी बोलणार होता. मी म्हटले, राहू दे, बायकामाणूस आहे, मी सांगतो. मुलीला अकरा वाजता घरी पाठवले.

सव्वाअकराला राधाबाईला म्हटले, परवा वहीत निरोप लिहिला होता असे मुलगी म्हणते; तिने काही लिहिलेच नाही. पण ती शिकलेली, तिचे ऐकले जाते. मी तुमच्यासाठी मालकांशी पुष्कळ भांडलो. आजचा शेवटचा दिवस.

ती म्हणाली, "मी वही बघितली होती साहेब. कोरी हुती."

"मला माहीत आहे."

"तुमाला माहीत हाय ना? मग बास." ती खिडकीशी गेली. "वीस तारखेपर्यंत ठिवा साहेब. पगार नको. नुसतं कोर्टात सांगायला."

मी म्हटले, माझ्या हातात असते तर ठेवले असते. पण दाखला देईन. तिने वाकून नमस्कार केला. मला अतिशय लाज वाटली, ती इथे नमूद करतो. मग फोन वाजला आणि तिने तो सवयीने उचलला. सव्वातीनपर्यंत घेत राहिली.

१६ सप्टेंबर, गुरुवार

आता प्रियदर्शनी सात ते सव्वातीन बसते, मस्टरवर मात्र अजून अर्धवेळ. त्यामुळे राधाबाईला कचेरीत बोलावणे शक्य नव्हते. दाखला न्यायला घरी बोलावली. गौरींचे दिवस. श्यामलाने दार उघडले, पाणी दिले, हळदीकुंकू लावले, सोनूचे ऐकून चार करंज्या बांधून दिल्या. दोघी दाराशी उभ्या होत्या आणि मी आतल्या खोलीत दाखल्यावर सही करत होतो. श्यामला आता बोलेल असे क्षणोक्षणी वाटत होते. ती बोलली नाही. शेवटी माझीच बायको.

दाखला मी विचार करून लिहिला होता. "राधा भीमराव या आमच्याकडे २१ जून ते १० सप्टेंबर १९९९ या काळात अर्धवेळ व तात्पुरत्या स्वरूपात कामास होत्या." राधाबाईने दारातच वाचला.

"कायम नाही लिहिलं?"

"खोटं कसं लिहिणार?"

"बरोबर हाय," ती म्हणाली. "तुमी खोटं लिव्हनार न्हाई." घडी करून पिशवीत ठेवला.

ती गेल्यावर श्यामला म्हणाली, "तिला नुसत्या करंज्याच दिल्या मी." आणि देवाच्या खोलीत जाऊन बसली. जेवायला उठली नाही. सणासुदीचे हे असे वागणे मला पटत नाही.

२१ सप्टेंबर, मंगळवार

काल राधाबाईची तारीख होती. कळले नाही काय झाले. विचारायला पत्ता आहे, पण मी कशाला विचारू?

८ नोव्हेंबर, सोमवार

पाडवा. प्रियदर्शनीला कायम केले. शौनकने पेढे वाटले. मी दोन शब्द बोललो, की निष्ठेला फळ मिळते. मुलगी म्हणाली, "काका, राधाताईंनी असं करायला नको होतं ना? मी त्यांना सख्ख्या बहिणीसारखं समजून राहिली होती." मी म्हटले, माणसे ओळखायला वेळ लागतो. तिला ते पटले.

श्यामला हल्ली मला काही विचारत नाही. ताट वाढते, बँकेत जाते, येते. घर शांत आहे.

२ डिसेंबर, गुरुवार

आज दुपारी दोनच्या सुमारास प्रियदर्शनी चहा सांगायला खाली गेली होती. दार ढकलून राधाबाई आत आली. न बोलावता. मी उठून उभाच राहिलो. मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते, हाताला तोच वास. वाळली आहे.

म्हणाली, काल निकाल लागला. सोनू बापाकडे. हिला महिन्यातला दुसरा रविवार, दोन तास, तेही त्यांच्या घरी, सासूच्या समोर. मी म्हटले, चला, वेळ तरी नक्की ठरवून दिली हे बरे झाले. तिने माझ्याकडे पाहिले. त्या वेळी मी असे का म्हटले ते मला ठाऊक नाही.

"नवऱ्याच्या वकिलानं तुमचा कागद मोठ्यानं वाचला," ती म्हणाली. "अर्धवेळ, तात्पुरत्या. दोनदा वाचला. जाऊ द्या, त्यात तुमचं काय? मी एकच इचारायला आले. त्या दिवशी त्या पोरीनं खरंच काही लिव्हलं नव्हतं?"

मी समोरची वही मिटली.

"न्हाई, मला एवढंच कळू द्या. मी तिला रोज शिव्याशाप देते साहेब. उठल्यापासनं. तिचं वाटोळं व्हावं म्हनते. आनि मग वाटतं, तिनं लिव्हलं असंल आनि काहीतरी दुसरंच झालं असंल, तर माझं हे पाप कुठं फेडू? तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं."

जिन्यात चपलांचा आवाज येत होता. मला फक्त तो ऐकू येत होता.

"नव्हतं लिहिलं," मी म्हटले.

तिने डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. "मग बास. आता सुखानं शिव्या देईन." माझ्या पाया पडली. "या हापिसात तुमी एकटेच मानसासारखं वागलात," म्हणाली आणि निघाली.

मी गॅलरीत गेलो. राधाबाई पदर तोंडाला लावून उतरत होती आणि खालून प्रियदर्शनी चढत होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर समोरासमोर आल्या. जिना अरुंद. मुलगी भिंतीला चिकटून उभी राहिली आणि वाट दिली. राधाबाईचा पाय एका पायरीवर चुकला. मुलीने पुढे होऊन तिचा दंड धरला. "सांभाळून, मावशी." राधाबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिले, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "देव तुझं भलं करो, बाई."

दोघींपैकी कोणीच कोणाला ओळखले नाही. कशा ओळखणार? तीन महिन्यांत पंधरा मिनिटांचीसुद्धा गाठ मी पडू दिली नव्हती. माझी योजना किती पक्की होती, हे मला आजच कळले. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

प्रियदर्शनी वर आली. "काका, कोण होत्या त्या? खूप रडून राहिल्या होत्या."

"वरच्या मजल्यावर घरकामाला बाई हवी आहे, ते विचारत होती. चुकून इथे आली."

"त्यांना धड पायऱ्याही दिसून नाही राहिल्या. मी खालपर्यंत सोडून येऊ? दोनच मिनिटं."

"ही तुमची कामाची वेळ आहे," मी म्हटले. "आता तुम्ही पूर्णवेळ आहात."

ती दाराकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग बसली. फोन वाजत होता, तो तिने उचलला.